बारा कोरे संच

आक्कांनी आमचं दुपटं उचललं, नाकाशी नेऊन हुंगलं, दोन बोटांत धरून चोळलं आणि घडी न मोडता माझ्या हातात परत ठेवलं.

"ग्वाड हाय गं पोरी," त्या म्हणाल्या. "पर कोरं हाय."

"कोरं म्हणजे स्वच्छच की आक्का. तुमच्यासमोर नमुन्याचं पाकीट फोडलं."

"सवच्छ हाय. मी कुठं नाव ठिवतीया? पर दोन दिसाच्या जिवाला कोरं घालत्यात व्हय कोण?"

मी हसले. हसले म्हणजे तोंड हसरं केलं. मिरजेतल्या एका प्रसूतिगृहाचा तो पहिला मजला होता. बारा खाटा, बारा पाळणे. खोलीत शिरल्या शिरल्या मी खिडक्यांच्या कड्या बघून घेतल्या होत्या, आणि कुठल्या बाळाच्या लंगोटाला सेफ्टी पिन लावलेली नाही ना, तेही. सई झाल्यापासून मी कुठल्याही खोलीत अशीच शिरत असे.

"तुला हाय का ल्योक-लेक?" आक्कांनी विचारलं.

"मुलगी. सात महिन्यांची. सासूबाईंकडे ठेवून आलेय."

"मग तुला ठावं न्हाई व्हय ह्ये?"

ठाऊक होतं. तिथंच तर सगळी गोम होती, पण ते त्या गुरुवारी सकाळी मी कबूल करणार नव्हते. आक्कांना तर नाहीच, स्वतःलाही नाही.

सांगलीच्या कॉलेजात एमबीएच्या शेवटच्या वर्षाला आम्हाला नवउद्योग उभारणीचा पेपर होता. लेखी परीक्षा नाही. दोघादोघांनी मिळून एक धंदा शोधायचा, माणसांत जाऊन तो तपासायचा आणि शेवटी बाहेरच्या परीक्षकांपुढे मांडायचा. माझा जोडीदार सन्मती मगदूम, इचलकरंजीचा. वडिलांचे, म्हणजे आप्पांचे, यंत्रमाग. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, मला ताई म्हणायचा. त्याच्या घरच्या मागावर विणलेल्या तलम सुती कापडाची आम्ही दुपटी केली होती. चार दुपट्यांचा एक संच, छान खोका, वर फीत. नाव सन्मतीनं ठेवलं होतं: 'पहिलं दुपटं'. मंगळवारी बारा बाळंतिणींना बारा संच वापरून बघायला दिले होते. आज ते कसे वाटले ते विचारायला मी आले होते.

छान वाटले. सगळ्यांनाच. "मऊ आहे हो." "रंग गोड आहे." "खोका ठेवून देणारेय मी." मी भराभर पेन्सिलीनं लिहून घेत होते.

पेन्सिलीनं, कारण हुद्दार सरांचा तसा दंडक होता. माणसं जे म्हणतात ते पेन्सिलीनं लिहायचं, जे करतात ते पेनानं. पहिल्या तासालाच त्यांनी सगळ्यांना वही दाखवायला सांगितलं होतं. "चार महिन्यांनी वही बघेन," ते म्हणाले होते. "नुसती पेन्सिल दिसली तर तुम्ही गप्पा मारून आलात."

माझी वही नुसती पेन्सिलीची होती.

आक्का लुगड्याचा पदर खोचून पाळण्याकडे वळल्या आणि मी पहिल्यांदा खाली बघितलं. त्यांच्या सुनेच्या खाटेखाली, पिशवीत, आमचा खोका. फीत जशीच्या तशी. शेजारच्या खाटेखाली तेच. पलीकडच्या बाईनं तो उशाला ठेवला होता, पाहुण्यांना दिसेल असा. पण बाळ गुंडाळलं होतं फिक्या पडलेल्या, चौकटीच्या जुन्या कापडात. मी एकेक पाळणा बघत टोकापर्यंत गेले. दोघी घरी गेल्या होत्या, त्यांना जिन्यात उभी राहून फोन केला. "बारशाला काढणार आहोत," एक म्हणाली. "नणंदेला देणारेय, तिची मुलगी मोठी आहे," दुसरी म्हणाली.

मी पर्समधून पेन काढलं. संच बारा. वापरले शून्य.

निघाले तर आक्कांनी मनगट धरलं. "शिवाय येतं का तुला?"

"येतं थोडं."

त्यांनी खाटेखालून गाठोडं ओढलं आणि एक धुऊन धुऊन विरलेलं, निळसर नऊवारी लुगडं माझ्या हातावर ठेवलं. "ह्याची दुपटी करून आण. माजं डोळं गेल्यात, सुई ववत न्हाई. सूनबाईला टाकं हायती. शनवारी पाचवी हाय, त्याच्या आत आण." आणि वर, "नीट कर हां. माज्या सासूचं हाय ह्ये."

मी लुगडं पिशवीत टाकलं.

---

"दोनशे बारा," सन्मती कँटीनच्या टेबलावर बोट आपटत म्हणाला. "ताई, दोनशे बारा आयांनी फॉर्म भरलाय आपला. त्यातल्या एकशे नव्वद म्हणतात, घेऊ. आणि तू मला बारा आज्यांचं सांगतेस."

"त्या दोनशे बारा माझ्या नव्या आयांच्या ग्रुपातल्या आहेत. त्यांची बाळं सहा-सहा महिन्यांची आहेत. त्यांना आता काय, काहीही चालतं. पहिलं दुपटं कोण ठरवतं? आई ग्लानीत असते. गाठोडं घेऊन आजी येते."

"आज्या काय जन्मभर राहणार आहेत?"

"आत्ताच्या आया पुढे आज्याच होणारेत की."

त्याला हसू आलं, मग राग आला. "परवा प्रेझेंटेशन आहे. चारशे मीटर कापड आप्पांनी विणून ठेवलंय. पहिल्यांदा आयुष्यात माझ्यासाठी म्हणून माग लावला त्यांनी. आता जाऊन काय सांगू, आज्या नको म्हणाल्या?"

माझंही काही कमी अडकलेलं नव्हतं. बाळंतपणात एक सत्र बुडालं होतं, संचालकांनी एकदा सवलत दिली होती आणि पुन्हा मागू नका असं स्पष्ट बजावलं होतं. हा पेपर गेला तर वर्ष गेलं. वर्ष गेलं की माझा नवरा अभय मला आणि सईला त्याच्या साइटवर हुबळीला नेणार, आणि मग मी पुन्हा कॉलेजात येणार नव्हते, हे घरात कोणी बोललं नाही तरी सगळ्यांना कळत होतं.

"शून्य लपवू या," सन्मती हळूच म्हणाला. "खोटं नाही बोलायचं. फक्त सांगायचं नाही. सर वही बघतात ती शेवटी, सगळं झाल्यावर. परीक्षक तर वही बघतच नाहीत."

"आणि मी उभी राहून काय सांगू?"

"नेहमीचं सांग. तुझ्या सईचं. ते लई भारी सांगतेस तू."

खरं होतं. आमच्या धंद्याची सुरुवातच मी सईपासून करायचे. माझी आई नाही, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. सईला पहिल्या दिवसापासून मी नवीन, कोऱ्या, सुती दुपट्यांत ठेवलं. तिला कधी पुरळ उठलं नाही, ती कशी शांत झोपायची. हे सांगताना माझा आवाज आपोआप चढायचा. वर्गातल्या मुलीसुद्धा ऐकत राहायच्या. सात महिन्यांत मी एवढी एकच गोष्ट पूर्णपणे माझ्या मनानं केली होती आणि ती बरोबर ठरली होती.

---

घरी आले तर सई पालथी पडून चटईचा काठ चावत होती आणि आत्या तिच्यापुढे वाटी वाजवत होत्या. सासूबाईंना आमच्याकडे आत्या म्हणतात. मी आधी हात धुतले, मग सईचे हात बघितले, चटई झटकली, मग तिला घेतलं.

"सकाळपासून तीनदा झटकलीय मी ती," आत्या म्हणाल्या. त्यांची नजर माझ्या पिशवीकडे गेली. "लुगडं कुणाचं गं?"

मी सांगितलं. सगळं नाही, लुगड्यापुरतं. आणि कात्री आणायला उठले.

"ठेव ती कात्री!" त्या जवळजवळ ओरडल्या. "दुपटं कातरतात का कधी? फाडायचं."

"फाडलं तर वाकडंतिकडं जाईल की."

"कातरलं तर वाकडं जातं. फाडलं की सुतानं सूत सरळ जातं. दे इकडं."

त्यांनी आधी लुगडं मोठ्या पातेल्यात उकळलं. दोरीवर वाळत घातलं, एक बाजू तापली की दुसरी. दुपारच्या उन्हात तासाभरात कडकडीत झालं. मग मांडीवर घेऊन दातानं कडेला एवढीशी चीर दिली, दोन्ही हातांत दोन टोकं धरली आणि एका झटक्यात ओढलं. चर्र असा आवाज झाला. सई दचकली, आणि मग खिदळायलाच लागली. कापड या काठापासून त्या काठापर्यंत ओळंब्यासारखं सरळ फाटलं होतं.

मग माझी पाळी. माझं पहिलं मध्येच तिरकं गेलं.

"भितेस कशाला? हळूहळू ओढलं की वाकडं जातं. मन घट्ट करायचं आणि एकदम."

तीन घड्या फाडून झाल्यावर मी विचारलं, "आत्या, तुम्ही दवाखान्यात गाठोडं आणलं होतंत, ते कुठलं होतं?"

"इरकलीचं. माझ्या आईच्या. अभयला तेच, तुझ्या वन्संना तेच." त्यांनी काठाची चिंधी गुंडाळली. "तू खाटेखाली सरकवलंस ते."

माझे हात थांबले. मला वाटत होतं, त्यांना कळलंच नव्हतं. जंतू, ॲलर्जी, जुनं कापड, फोनवर काय काय वाचलं होतं मी त्या दिवसांत. त्या चहा आणायला खाली गेल्या तेवढ्यात मी गाठोडं पायानं आत ढकललं होतं आणि मागवून ठेवलेली नवी दुपटी काढली होती.

"दिसलं होतं तुम्हाला?"

"न दिसायला काय झालं?"

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? तू घाबरली होतीस. आई नाही जवळ, पहिलं बाळ. जुनं घे म्हणून मी हट्ट धरला असता तर तू घेतलंही असतंस. पण मग पोरीला हात लावताना दर वेळी तुझे हात कापले असते." त्या सईकडे बघून म्हणाल्या, "म्हणून मग तुझी तीच नवीन घेतली आणि धूत बसले."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? बाजारच्या कापडाला खळ असते. तशीच कशी गुंडाळायची? तू झोपलीस की घेऊन जायची मी. गरम पाण्यात, उन्हात, पुन्हा पाण्यात. दवाखान्यात मावशीला सांगून रोज चार-चार वेळा. कोरेपण गेल्याशिवाय एक दुपटं पाळण्यात जाऊ दिलं नाही मी. तुला वाटलं, तशीच मऊ आली होती?"

मला तसंच वाटलं होतं. सात महिने मी ते सगळ्यांना सांगत होते.

पुढची घडी घेतली, दातानं चीर दिली आणि एकदम ओढलं. सरळ गेलं.

"आता आलं," आत्या म्हणाल्या.

---

शुक्रवारी मी सन्मतीला सगळं सांगितलं. त्यानं खोक्यातलं दुपटं काढून बोटांत चोळून बघितलं. मग म्हणाला, "खळीचं खरं आहे. सायझिंग म्हणजे खळ चढवल्याशिवाय उभं सूत मागावर टिकतच नाही. मला हे माहीत होतं, ताई. मी यंत्रमागवाल्याचा मुलगा. मला सुचायला पाहिजे होतं." आणि थोड्या वेळानं, "तू बोल. मी स्लाइड बदलतो. आप्पांना मी बघून घेईन."

शनिवारी सभागृहात मी आत्यांना सईसकट नेलं, कारण दोन तास तिला दुधावाचून ठेवायची माझी छाती नव्हती. त्या शेवटच्या रांगेत दाराजवळ बसल्या, सई रडली तर पटकन बाहेर पडता यावं म्हणून.

पुढे तीन परीक्षक. त्यांतल्या पाटणकर मॅडम शेतीच्या अवजारांचा कारखाना चालवायच्या. आमच्या आधीच्या तीन जोड्यांना त्यांनी पार सोलून काढलं होतं. हुद्दार सर कोपऱ्यात, डोळे मिटून.

आमचा तक्ता मागे टांगून मी टेबलावर बारा खोके मांडले. शुक्रवारी संध्याकाळी सन्मती वॉर्डात जाऊन बहुतेक दाखवण्यापुरते मागून घेऊन आला होता; उरलेले त्याच्या गोदामातले. हेही मी आधी सांगून टाकलं. खोटं नको.

"दोनशे बारांतल्या एकशे नव्वद आयांनी आम्हाला लिहून दिलं की त्या हे घेतील," मी म्हणाले. "मग आम्ही बारा जणींना ते फुकट दिलं. एकीनंही वापरलं नाही."

मागे कोणीतरी हसलं. हुद्दार सरांनी डोळे उघडले.

"मी स्वतः वापरलं होतं," मी पुढे म्हणाले. "या वर्गात मी चार महिने सांगत आलेय की माझ्या मुलीला कोरी दुपटी चालली. ती कोरी नव्हती. माझ्या नकळत माझ्या सासूबाईंनी ती धुऊन जुनी केली होती. म्हणजे आमच्या धंद्याचा सगळ्यात मोठा पुरावाच मुळात आमच्या विरुद्धचा होता."

मग मी उरलेलं सांगितलं. बाळ होण्याआधी नवीन काही आणून ठेवायचं नाही, असं बहुतेक घरांत मानतात. जुनी साडी मात्र घरात असतेच. पण ती उकळायला, फाडायला, कडा शिवायला आता घरात वेळ नाही, आज्यांचे डोळे नाहीत, आयांना येत नाही. डोहाळजेवणाला ती साडी आमच्याकडे द्या. आम्ही तिची दुपटी करून, त्याच साडीच्या काठानं बांधून परत देऊ. आणि सन्मतीकडचं नवं कापड जाईल बाराव्या दिवसानंतरच्या झबल्यांना, खळ पूर्ण काढून.

पाटणकर मॅडम पुढे झुकल्या. "कापड त्यांचं. मग तुमचं काय? कडा तर कोणीही शिंपी दुमडून देईल."

याचं उत्तर मी पाठ केलेलं होतं. ते बाजूला ठेवलं. मी पिशवीतून आक्कांच्या लुगड्याचा शेवटचा तुकडा काढला. सात दुपटी झाली होती, आठवं राहिलं होतं.

"हे एका आजींच्या सासूबाईंचं आहे. आज संध्याकाळी पाचवीला पाहिजे. बिघडलं तर दुसरं नाही."

मी दातानं चीर दिली. एकदा शेवटच्या रांगेकडे बघितलं. आत्या सईला मांडीवर उभी धरून माझ्याकडेच बघत होत्या, ओठ घट्ट मिटलेले. मी एकदम ओढलं.

चर्र. आणि त्या शांत सभागृहात सई मोठ्यानं खिदळली.

मॅडमनी तुकडा हातात घेतला, कडेवरून बोट फिरवलं. काठापासून काठापर्यंत. "कोणी शिकवलं?"

"सासूबाईंनी. त्या मागे बसल्यात."

"मग त्या तक्त्यावर नाव कुठाय त्यांचं? संस्थापक म्हणून दोनच नावं दिसतायत मला."

मी सन्मतीकडे बघितलं. तो केव्हाच मार्कर घेऊन उठला होता. मला देत म्हणाला, "वर लिही, ताई. आपल्या वर."

आमच्या तक्त्याच्या अगदी माथ्यावर थोडी जागा होती. मी लिहिलं: सौ. सुलोचना बाळासाहेब आवटी. बाकी नावांपुढे शिक्षण लिहिलेलं होतं, म्हणून तेही लिहिलं: सातवी.

त्या दिवशी आमचा तिसरा नंबर आला. पहिल्या आलेल्यांचा धंदा काय होता ते मला आता आठवतही नाही. हुद्दार सरांनी माझी वही मागून घेतली, पेनाची ती एकच ओळ वाचली आणि खाली सही केली. "पास," म्हणाले. "जा, दुपटी पोचवा आधी."

चार वाजता मिरजेत आक्कांनी आठही दुपटी एकेक करून हुंगली, बोटात चोळली आणि शेवटचं उलगडून तिथल्या तिथं नातवाला गुंडाळलं. मग माझ्याबरोबर आलेल्या आत्यांना म्हणाल्या, "सून गुणाची हाय."

"आहे," आत्या म्हणाल्या.

याला आता नऊ वर्षं होतील. विश्रामबागेत आमच्या कारखान्यात सात बायका आहेत, आणि सन्मतीचे आप्पा खळ काढलेलं कापड आम्हालाच देतात. आत्या अजून रोज अकराला येऊन खुर्ची टाकून बसतात आणि कोणी कात्रीला हात लावला की ओरडतात. तो तक्ता भिंतीवर आहे. लोक येतात, बक्षिसांचे फोटो बघतात, मला काय काय विचारतात.

मला मात्र त्या शनिवारची संध्याकाळ आठवते. मी आत सईला पाजत होते आणि बाहेर आत्या त्यांच्या जयसिंगपूरच्या बहिणीशी फोनवर बोलत होत्या. आधी भाजी, मग गुडघे, मग कोणाचं तरी लग्न. दिवसभरात त्या माझ्याशी त्या गोष्टीबद्दल अवाक्षर बोलल्या नव्हत्या.

"नाही गं, उचलला नाही फोन, घरी नव्हते," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, सहज सांगावं तसं, पण पलीकडच्या घरात ऐकू जाईल एवढ्या आवाजात: "कॉलेजात गेले होते. नाव लागलंय माझं तिथं."